विल्यम बटलर येट्स : लोकपरंपरा, मध्यस्थ आणि एक मराठी अनुबंध

प्रस्तावना

विसाव्या शतकातील इंग्रजी काव्याचा विचार विल्यम बटलर येट्स (१८६५–१९३९) यांच्या नावावाचून पूर्ण होत नाही. आपल्या महाविद्यालयांतून इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या कविता शिकविल्या जातात. वर्गात त्यांची ओळख प्रामुख्याने प्रतीकवादी कवी, आयर्लंडच्या सांस्कृतिक पुनरुत्थानाचे अग्रणी आणि नोबेल पुरस्काराचे मानकरी अशी करून दिली जाते. ही ओळख यथार्थच आहे. परंतु ज्या लोकांच्या मुखातून त्यांच्या काव्याची सामग्री आली ते लोक आणि त्या सामग्रीपर्यंत येट्स यांना पोहोचविणारे दुवे यांचा विचार सहसा होत नाही. या दुव्यांपैकी एक दुवा मराठी होता. वऱ्हाडातील बडनेरा येथे जन्मलेल्या एका संन्याशाने येट्स यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाला वळण दिले, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

प्रस्तुत निबंधात येट्स यांचे जीवन, शैली आणि लोकपरंपरेचा त्यांच्यावरील प्रभाव यांचा ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेतला आहे. येट्स यांची लोकपरंपरेविषयीची ओढ अस्सल होती. मात्र त्या परंपरेशी त्यांचा संबंध बव्हंशी मध्यस्थांमार्फत आलेला होता, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. येट्स यांना आयरिश भाषा अवगत नव्हती. संस्कृत आणि मराठीही येत नव्हती. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी त्यांच्यासाठी ऐकले, सांगितले अथवा भाषांतरित केले. या मध्यस्थांपैकी कोणाचे नाव टिकले आणि कोणाचे मागे पडले, हा केवळ वाङ्मयेतिहासाचा प्रश्न नाही. बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशात लोकसाहित्याचे संकलन करणाऱ्या अध्यापकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढेही तो उभा आहे.

जीवनपट आणि पार्श्वभूमी

येट्स यांचा जन्म १३ जून १८६५ रोजी डब्लिननजीक सँडीमाउंट येथे झाला. त्यांचे वडील जॉन बटलर येट्स हे चित्रकार होते. आई सुझन पॉलेक्सफेन या आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील स्लायगो या बंदराच्या गावातील व्यापारी घराण्यातील होत्या. येट्स यांचे बालपण लंडन आणि स्लायगो या दोन ठिकाणी विभागले गेले. लंडनमध्ये ते परके ठरत. स्लायगोत आजोळचे डोंगर, समुद्र आणि नोकरचाकरांच्या तोंडच्या भुताखेतांच्या गोष्टी त्यांना आपल्या वाटत. बेन बल्बेनचा पहाड आणि नॉकनारीच्या माथ्यावरील राणी मेव्हची म्हणून ओळखली जाणारी दगडांची रास ही त्यांच्या काव्यात पुनःपुन्हा येणारी स्थळे याच परिसरातील आहेत.

येथे एक सामाजिक वस्तुस्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. येट्स यांचे घराणे प्रोटेस्टंट आणि इंग्रजी भाषक होते. ज्यांच्या गोष्टी त्यांनी गोळा केल्या तो शेतकरीवर्ग बहुतांशी कॅथलिक होता. येट्स यांच्या जन्माच्या केवळ दोन दशके आधी, १८४५ ते १८४९ या काळात, बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे आयर्लंडात महादुष्काळ पडला होता. त्यात सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले आणि जवळपास तेवढेच देशोधडीला लागले. दुष्काळाची सर्वाधिक झळ पश्चिमेकडील गरीब आयरिशभाषक प्रदेशाला बसली. माणसांबरोबर भाषाही गेली आणि भाषेबरोबर गाणी व कहाण्याही विरू लागल्या. दुष्काळ लोकस्मृतीत किती खोलवर रुतून बसतो, हे १९७२ चा दुष्काळ अनुभवलेल्या मराठवाड्याला वेगळे सांगावयास नको.

तुरुंगवास आणि हद्दपारी भोगून १८८५ मध्ये डब्लिनला परतलेले राष्ट्रवादी नेते जॉन ओलिअरी यांच्या सहवासात तरुण येट्स यांना आयरिश विषयांची दिशा सापडली. १८८९ मध्ये त्यांचा पहिला महत्त्वाचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. लेडी ऑगस्टा ग्रेगरी यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या नाट्यचळवळीतून २७ डिसेंबर १९०४ रोजी डब्लिनचे ॲबी थिएटर सुरू झाले. स्वतंत्र आयर्लंडच्या सिनेटचे ते १९२२ ते १९२८ या काळात सदस्य होते. १९२३ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी १९३९ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये त्यांचे अवशेष स्लायगोजवळील ड्रमक्लिफ येथील दफनभूमीत आणण्यात आले.

लोककथांचे संकलन : सांगणारे आणि लिहिणारे

येट्स यांनी १८८८ मध्ये आयरिश शेतकऱ्यांच्या परीकथा व लोककथांचे एक संकलन संपादित केले. यातील बराच मजकूर पूर्वसूरींच्या ग्रंथांतून निवडलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संकलकांनी शेतकऱ्याकडे विनोदाचा विषय म्हणून पाहिले, असा आक्षेप येट्स यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदविला. लोकश्रद्धा ही हसण्याची बाब नसून तिच्यात एका समाजाची विश्वदृष्टी सामावलेली असते, ही त्यांची भूमिका होती. त्या काळाचा विचार करता ही भूमिका निश्चितच पुढची होती.

१८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९०२ मध्ये विस्तारलेल्या ‘द सेल्टिक ट्वायलाइट’ या गद्यग्रंथात येट्स यांनी स्वतः ऐकलेल्या गोष्टी दिल्या. बॅलिसोडेअर गावात गळक्या छपराच्या एका खोलीत राहणारे पॅडी फ्लिन हे वृद्ध गृहस्थ यातील अनेक गोष्टींचे निवेदक होते. मामांच्या घरी कामाला असणाऱ्या मेरी बॅटल या दुसऱ्या महत्त्वाच्या निवेदिका. या ग्रंथाचा मोठा भाग म्हणजे मेरी बॅटल यांचे नित्याचे बोलणेच होय, अशी कबुली येट्स यांनी पुढे आत्मचरित्रात दिली. ही कबुली मोलाची आहे. पण ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मेरी बॅटल यांचे नाव नाही, हेही तितकेच खरे आहे.

या गोष्टींतील ‘शी’ नावाची अदृश्य मंडळी टेकड्यांच्या पोटात राहतात, माणसांची लेकरे पळवितात आणि त्यांच्या जागी आपले किडकिडे पोर ठेवतात. विहिरीच्या वा ओढ्याच्या काठी साती आसरांना हळदकुंकू वाहणाऱ्या आणि तिन्हीसांजेला लेकराला पाण्याकडे न जाऊ देणाऱ्या आपल्याकडील बाईला ही भीती अपरिचित नाही. १८८६ मध्ये लिहिलेल्या ‘द स्टोलन चाइल्ड’ या कवितेत येट्स यांनी याच श्रद्धेला गीतरूप दिले. तथापि लोकश्रद्धेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १८९५ मध्ये टिपरारी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण स्त्रीला, ती खरी नसून पऱ्यांनी बदलून ठेवलेली आहे असे म्हणत तिच्या पतीने जाळले. तो खटला त्या काळी सर्वत्र गाजला. कवीला जे गूढरम्य वाटते ते गावातील दुबळ्या व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते, याचे भान लोकसाहित्याच्या अभ्यासकाने सदैव राखले पाहिजे.

आयरिश भाषेतील मूळ सामग्रीसाठी येट्स यांना इतरांवर अवलंबून राहावे लागले. डग्लस हाइड यांनी १८९३ मध्ये कॉनक्ट प्रांतातील प्रेमगीते मूळ आयरिश संहिता आणि इंग्रजी भाषांतर यांसह प्रसिद्ध केली. हेच हाइड पुढे १९३८ मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. लेडी ग्रेगरी यांनी स्वतः आयरिश भाषा आत्मसात केली आणि कूल येथील आपल्या वाड्याभोवतालच्या झोपड्यांतून, तसेच वृद्धाश्रयगृहांतून कथा उतरवून घेतल्या. १९०२ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘कॅथलीन नी हूलिहान’ हे नाटक येट्स यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. आयर्लंडची मूर्ती म्हणून एक दरिद्री म्हातारी त्यात अवतरते आणि तरुणांना सर्वस्वाच्या त्यागासाठी साद घालते. या नाटकातील संवादांचा बराचसा भाग लेडी ग्रेगरी यांचा होता, हे संशोधकांनी पुढे हस्तलिखितांच्या आधारे दाखवून दिले. म्हातारीची प्रतिमा लोकगीतातून आली, ग्रामीण बोली ग्रेगरी यांनी आणली आणि नाव येट्स यांचे झाले.

काव्यशैलीवरील परिणाम

येट्स यांच्या शैलीत स्थूलमानाने दोन कालखंड दिसतात. १८९९ च्या ‘द विंड अमंग द रीड्स’ या संग्रहापर्यंतची कविता संथ लयीची, अलंकृत आणि स्वप्नसदृश आहे. लोककथेतील व्यक्ती या कवितेत येतात. पण त्या धुक्याआडून. १९१४ च्या संग्रहापासून हे धुके विरळ होत जाते. पुराणकथांचा साज उतरवून ठेवण्याचा निश्चय त्यांनी या संग्रहात जाहीर केला. रंगभूमीच्या अनुभवाने त्यांना बोलीचे सामर्थ्य शिकविले होते. प्रेक्षकाला एकदाच ऐकू येणारे वाक्य पहिल्याच वेळी कळले पाहिजे, ही रंगभूमीची अट आहे. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर, ज्यांच्यावर आपण नाटके रचली तो त्याग प्रत्यक्षात घडलेला पाहून, त्यांच्या भाषेला एक कठोरपणा आला.

लोकपरंपरेचा प्रभाव या दुसऱ्या कालखंडात ओसरला, असा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुतः तो विषयातून रूपात उतरला. पऱ्या गेल्या आणि पोवाड्याच्या जवळ जाणारे आयरिश कथागीताचे छंद आले. कडव्याच्या शेवटी फिरून येणारी ओळ हे उत्तरकालीन येट्स यांचे एक प्रमुख वैशिष्ट्य ठरले. आपल्याकडील भारुडात वा पदात पालुपद जसे दर वेळी मागील कडव्यामुळे निराळा अर्थ धारण करते, तसेच येथेही घडते. १९३० च्या सुमारास लिहिलेल्या ‘क्रेझी जेन’ या कवितामालेतील वेडगळ म्हातारी धर्मगुरूला निरुत्तर करते. तिची कल्पना लेडी ग्रेगरी यांच्या गावाजवळ राहणाऱ्या एका खऱ्या म्हातारीवरून सुचलेली होती. एकनाथांच्या भारुडांतील वेडी, महारीण, जोगवा मागणारी यांच्या मुखातून परमार्थ ऐकणाऱ्या मराठी वाचकाला हा काव्यप्रकार परका वाटू नये. भेद इतकाच की भारुड हे गावासमोर सादर होण्यासाठी रचले गेले आणि जेनची गाणी ग्रंथाच्या पानांवर राहिली.

या संदर्भात ‘डाउन बाय द सॅली गार्डन्स’ या १८८९ च्या गीताचा इतिहास उद्बोधक आहे. बॅलिसोडेअरमधील एका वृद्ध शेतकरी स्त्रीला एका जुन्या गीताच्या तीन ओळी अर्धवट आठवत होत्या. त्यांवरून ते गीत पुन्हा उभे करण्याचा आपला प्रयत्न आहे, अशी टीप येट्स यांनी दिली. पुढे या गीताला पारंपरिक चाल मिळाली आणि ते पुन्हा लोकांच्या कंठात गेले. लोकांकडून आलेले लोकांकडे परतले, असे हे विरळ उदाहरण आहे. मात्र त्या वृद्ध स्त्रीचे नाव टिपेत नाही.

मराठी अनुबंध : श्री पुरोहित स्वामी

भारताकडे येट्स यांचे लक्ष तरुणपणीच वेधले गेले होते. थिऑसॉफीच्या प्रसारासाठी डब्लिनला आलेले बंगाली वेदान्ती मोहिनी चॅटर्जी यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि आरंभीच्या काही कवितांत भारतीय पात्रे आली. १९१२ मध्ये रवींद्रनाथ टागोर यांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला त्यांनी प्रस्तावना लिहिली, पुढील वर्षी टागोरांना नोबेल पुरस्कार मिळाला. टागोरांची गाणी बंगालमध्ये विद्वानांबरोबर वाटसरूही गातो, ही कल्पना येट्स यांना फार भावली. एकच गीत पंडिताच्या आणि पामराच्या ओठी असावे, हे त्यांचे आयर्लंडविषयीचे अपुरे राहिलेले स्वप्न होते. ते भारतात साकार झाले आहे, अशी त्यांची समजूत झाली.

या समजुतीला आयुष्याच्या अखेरच्या दशकात एका मराठी माणसाने पुष्टी दिली. शंकर गजानन पुरोहित यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८८२ रोजी बडनेरा येथील एका सधन व धर्मनिष्ठ कुटुंबात झाला. त्यांनी १९०३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळविली आणि पुढे कायद्याचाही अभ्यास केला. विवाह आणि अपत्ये यांनंतरही त्यांचा ओढा अध्यात्माकडेच राहिला. भगवान श्री हंस या नावाने ओळखले जाणारे नाटेकर स्वामी हे त्यांचे गुरू. त्यांच्या आज्ञेनुसार पुरोहित स्वामी १९३० च्या सुमारास युरोपात गेले. कवी टी. स्टर्ज मूर यांच्यामार्फत १९३१ मध्ये लंडन येथे त्यांची येट्स यांच्याशी भेट झाली.

येट्स यांनी स्वामींना आत्मचरित्र लिहिण्यास प्रवृत्त केले आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲन इंडियन मंक’ या ग्रंथाला प्रस्तावनाही लिहिली. त्यानंतर १९३४ मध्ये ‘द होली माउंटन’ हा ग्रंथ आला. भगवान श्री हंस यांच्या कैलास-मानससरोवर यात्रेचा हा वृत्तान्त पुरोहित स्वामींनी इंग्रजीत आणला आणि येट्स यांनी त्याला दीर्घ प्रस्तावना जोडली. दत्तात्रेयांच्या दर्शनाच्या ध्यासाने हिमालयात गेलेला एक महाराष्ट्रीय साधक कैलासाच्या परिसरात, बर्फाने वेढलेल्या गौरीकुंडाकाठी, त्यांची प्रतीक्षा करतो, हा या यात्रेचा गाभा आहे. येट्स यांची ‘मेरू’ ही कविता याच काळातील असून तिच्यामागे या ग्रंथाचे वाचन आहे.

१९३५ मध्ये स्वामींनी भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि तो येट्स यांना त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त अर्पण केला. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघे भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर गेले. तेथे १९३६ च्या मध्यापूर्वीपर्यंत उपनिषदांच्या अनुवादाचे काम चालले. मध्यंतरी, जानेवारीत, येट्स यांना गंभीर आजाराने गाठले. स्वामी संस्कृतातून अर्थ सांगत आणि येट्स त्याला बोलता येईल असे इंग्रजी रूप देत. तोवरची उपनिषदांची भाषांतरे बोजड आणि लॅटिनप्रचुर असल्याची त्यांची तक्रार होती. आपले भाषांतर खेड्यातल्या माणसालाही उच्चारता यावे, असा त्यांचा आग्रह होता. १९३७ मध्ये ‘द टेन प्रिन्सिपल उपनिषद्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर दोघांचीही नावे आहेत आणि पुरोहित स्वामींचे नाव आधी आहे. पातंजल योगसूत्रांच्या स्वामीकृत अनुवादालाही येट्स यांनी १९३८ मध्ये प्रस्तावना लिहिली. स्वामी १९३६ मध्येच भारतात परतले होते. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आणखी एक नोंद आवश्यक आहे. येट्स यांनी १९३६ मध्ये संपादित केलेल्या आधुनिक इंग्रजी काव्याच्या ऑक्सफर्ड संग्रहात पुरोहित स्वामींच्या भक्तिरचना इंग्रजी रूपात समाविष्ट आहेत. याच संग्रहातून विल्फ्रेड ओवेन यांच्यासारख्या पहिल्या महायुद्धातील कवींना वगळल्याबद्दल येट्स यांच्यावर कडाडून टीका झाली. युद्धकवींना जागा नाकारणाऱ्या संपादकाने वऱ्हाडातील संन्याशाला जागा दिली, यावरून येट्स यांना स्वामींच्या वाणीत काय दिसत होते याची कल्पना येते. त्यांना तेथे व्यक्तीचा आक्रोश दिसत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या जाणाऱ्या गीताचा सूर ऐकू येत होता.

येट्स यांना दिसलेला आणि न दिसलेला महाराष्ट्र

येट्स यांचे हे आकलन निराधार नव्हते. दत्तपरंपरा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. अंबाजोगाई येथे वास्तव्य केलेले दासोपंत (१५५१–१६१५) हे थोर दत्तभक्त होते. त्यांनी ‘गीतार्णव’ हा सुमारे सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ रचला आणि पंचीकरणासारखा तत्त्वज्ञानाचा विषय कापडी पासोडीवर आकृत्यांसह लिहिला. अंगावर पांघरायच्या वस्त्रावर वेदान्त लिहिणारा कवी येट्स यांना ठाऊक असता, तर त्यांनी त्याच्यावर प्रस्तावना लिहिली असती असे वाटते. माहूर, गाणगापूर, नरसोबाची वाडी येथे जाणारा यात्रेकरू ‘गुरुचरित्र’ वाचणारा असो वा केवळ पालखीपुढे नाचणारा असो, त्याचे दैवत एकच असते. विद्वानांचा धर्म आणि लोकांचा धर्म यांत अखंड वाट आहे, हे येट्स यांचे निरीक्षण या मर्यादेत खरे ठरते.

परंतु ही वाट सर्वांना सारखी खुली नव्हती, हे त्यांना दिसले नाही. पुरोहित स्वामी येट्स यांना भेटले त्याच्या चार वर्षे आधी, १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा लढा सुरू झाला. येट्स यांच्या प्रस्तावनांतील एकात्म, ध्यानमग्न भारतात या घटनांना स्थान नाही. याचे कारण केवळ येट्स यांच्या कल्पनाविलासात शोधणे योग्य होणार नाही. त्यांचा एकमेव महाराष्ट्रीय मध्यस्थ संस्कृत जाणणारा, सधन घरातील संन्यासी होता. त्याने पाहिलेला भारतच येट्स यांच्यापर्यंत पोहोचला. मध्यस्थ केवळ आशय पोहोचवीत नाही, तो निवडही करतो. आयर्लंडात लेडी ग्रेगरी यांनी आपल्या कुळांच्या झोपड्यांतून जे ऐकले त्यालाही हाच नियम लागू पडतो. जमीनदारीणबाईंना कोणत्या गोष्टी सांगाव्यात आणि कोणत्या सांगू नयेत, हे सांगणारा ठरवीत असणारच.

मध्यस्थांची नावे आणि बीड जिल्हा

दख्खनमधील लोककथासंकलनाचा आरंभही या प्रश्नाला स्पर्श करतो. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कन्या मेरी फ्रिअर यांनी १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. या कथा त्यांना ॲना लिबेराता डिसूझा या आयेने सांगितल्या होत्या. विशेष असे की ग्रंथात ॲना यांचे नाव आहे आणि त्यांची स्वतःची जीवनकहाणीही स्वतंत्र प्रकरणात दिलेली आहे. येट्स यांच्या पहिल्या संकलनाच्या वीस वर्षे आधी हे घडले. वासाहतिक सत्तेच्या छायेत झालेल्या या कामाच्या मर्यादा उघड आहेत. तरीही निवेदिकेला ग्रंथात जागा देण्याची ही पद्धत आजही अनुकरणीय आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभारले, त्याने ही पद्धत कितीतरी पुढे नेली. महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यात जमा झाल्या. गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव आणि तालुका यांची नोंद ओवीसोबत राहिली. हे भांडार पुढे ‘पारी’ या संकेतस्थळावरून सर्वांना खुले झाले.

या भांडारात बीड जिल्ह्याचा वाटा लक्षणीय आहे. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांकडून डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ऐकताना येट्स यांच्या लोककल्पनेची मर्यादा स्पष्ट होते. येट्स यांना लोकपरंपरा ही प्राचीनतेचा ठेवा वाटे. आधुनिकतेच्या स्पर्शाने ती नष्ट होते असे ते मानीत. माजलगावच्या ओवीत मात्र विसाव्या शतकातील नेता माहेरच्या माणसासारखा येतो; राम, सीता, विठ्ठल यांच्यासाठी घडलेला छंद बाबासाहेब, रमाई आणि बुद्ध यांना सहज सामावून घेतो. लोकपरंपरा येथे भूतकाळ जपत बसलेली नाही. ती वर्तमानाचा अर्थ लावीत आहे. पुरोहित स्वामींच्या कथनातून जो महाराष्ट्र येट्स यांच्यापर्यंत गेला नाही, तो या ओव्यांत स्वतःच्या आवाजात बोलतो.

गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. ऊसतोडणीसाठी सहा-सहा महिने घर सोडणाऱ्या कुटुंबांमध्ये आजीकडून नातीकडे जाणारी ओवी खंडित होणे स्वाभाविक आहे. ज्यांना या ओव्या पाठ आहेत त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. आयर्लंडने अशाच वेळी एक व्यवहार्य मार्ग शोधला होता. १९३५ मध्ये तेथे लोकविद्येच्या संकलनासाठी शासकीय आयोग स्थापन झाला आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांनी आपल्या घरातील व शेजारातील वृद्धांकडून कथा, गाणी, औषधे, शेतीचे आडाखे वहीत उतरवून घेतले. सांगणाऱ्याचे नाव आणि गाव लिहिण्याची सूचना मुलांना होती. येट्स हयात असतानाच हे काम सुरू झाले. त्यांनी एकट्याने, कवीच्या नजरेने, केलेले काम आता त्या भाषेच्या आणि त्या घरांच्या मुलांनी हाती घेतले होते. मध्यस्थ आता बाहेरून येणार नव्हता. तो घरातलाच होता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) येट्स यांच्या काव्यातील लोकपरंपरा आरंभी विषय म्हणून आणि उत्तरकाळात छंद, पालुपद व बोली या रूपांनी आढळते. त्यामुळे तिचा प्रभाव ओसरला असे न म्हणता तो रूपांतरित झाला असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

२) ही परंपरा येट्स यांच्यापर्यंत मेरी बॅटल, पॅडी फ्लिन, डग्लस हाइड, लेडी ग्रेगरी आणि श्री पुरोहित स्वामी यांच्यामार्फत पोहोचली. पुरोहित स्वामी हे या मालिकेतील मराठी नाव असून त्यांच्या लेखनाचा मराठी अभ्यासकांनी स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

३) मध्यस्थाची सामाजिक जागा ही पोहोचणाऱ्या आशयाची मर्यादा ठरते. येट्स यांच्या भारतविषयक आकलनात महाडचा सत्याग्रह नाही, याचे एक कारण येथे सापडते.

४) बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांत ऊसतोड कामगारांची, शेतमजुरांची मुले-मुली शिकत आहेत. ज्यांच्या आजीच्या ओठी ओवी आहे अशी विद्यार्थिनी आपल्या वर्गात बसलेली असते. भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन तिच्या हाती वही व ध्वनिमुद्रक दिल्यास आणि प्रत्येक ओवीखाली गाणारीचे पूर्ण नाव, गाव व तारीख नोंदविण्याची शिस्त घातल्यास, येट्स यांना जे साधले नाही ते आपणास साधता येईल.

येट्स यांनी बॅलिसोडेअरच्या त्या वृद्ध स्त्रीच्या तीन ओळींतून एक अजरामर गीत घडविले. ते गीत जगाला ठाऊक आहे. तिचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या जिल्ह्यातील ओव्यांच्या बाबतीत असे घडू नये, एवढी दक्षता घेणे आपल्या हाती निश्चितच आहे.